मुलांना संशोधनापासून वाचवणारे आपण

‘लहान मुलांवर औषधांचे प्रयोग नकोत’ हे वाक्य आपल्याकडे कोणत्याही व्यासपीठावरून उच्चारले तरी टाळ्या मिळतात. वृत्तपत्रांत, संसदेत, न्यायालयांत आणि आम्हा सरकारी मंडळींच्या टिप्पण्यांतही ते वारंवार भेटते. त्यामागची भावना सात्त्विक आहे याविषयी मला शंका नाही. परंतु त्या वाक्याचा व्यवहारात अर्थ काय होतो हे तपासण्याचे कष्ट फार थोड्यांनी घेतले आहेत. प्रस्तुत लेखात ते एका आजाराच्या निमित्ताने तपासावयाचे आहे. हा आजार म्हणजे मुलांना होणारा संधिवात, आणि त्याच कुळातले आणखी एक-दोन विकार. माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना वाद घालावयाचा आहे त्यांना शेवटपर्यंत थांबावे लागणार नाही. मुलांवरील संशोधन टाळून आपण मुलांना प्रयोगापासून वाचवलेले नाही. प्रयोग रोज चालूच आहे. त्याची नोंद ठेवावयाची नाही, एवढेच आपण ठरवले आहे.

संधिवात म्हटला की गुडघे धरून जिना चढणारी आजी डोळ्यांसमोर येते. तो चार वर्षांच्या मुलालाही होतो, हे सुशिक्षित घरांतही सांगावे लागते. वस्तुतः लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटवरील बालरुग्णालयाशी संबंधित असलेल्या जॉर्ज फ्रेडरिक स्टिल या डॉक्टरने १८९७ मध्येच अशा मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले होते. आजची व्याख्या अशी आहे: सोळाव्या वाढदिवसापूर्वी सुरू झालेली, किमान सहा आठवडे टिकलेली आणि दुसरे कोणतेही कारण न सापडलेली सांध्यांची सूज. या एका नावाखाली सात प्रकार मोडतात आणि ते एकमेकांपासून बरेच भिन्न आहेत. एका प्रकारात गुडघा किंवा घोटा सुजतो, आणि त्याच वेळी डोळ्याच्या आत दाह सुरू होतो. डोळा लाल होत नाही, दुखत नाही, मूल तक्रार करीत नाही. ठराविक काळाने नेत्रतज्ज्ञाने यंत्रातून पाहिले नाही तर दृष्टी गेल्यावरच कळते. दुसऱ्या एका प्रकारात आठवडेच्या आठवडे रोज ताप चढतो, अंगावर पुरळ येते, यकृत व पाणथरी वाढते, आणि रोगप्रतिकारशक्ती बेभान झाल्यास ते मूल काही दिवसांत दगावूही शकते. आणखी एका प्रकारात, जो बहुधा वयात येणाऱ्या मुलग्यांना होतो, टाचा, खुबे आणि पुढे पाठीचा कणा धरतो.

सकाळी लंगडणारे मूल दुपारी खेळताना दिसते. घरचे म्हणतात, शाळा बुडवण्याचे नाटक आहे. मग अस्थिरोगतज्ज्ञाकडे, तेथून रक्ततपासणीकडे. ए.एस.ओ. नावाच्या चाचणीचा आकडा थोडा वाढलेला निघाला (घशाच्या साध्या संसर्गानंतरही तो वाढतो) की ‘ऱ्हुमॅटिक फीव्हर’ असा शिक्का बसतो आणि दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन सुरू होते. एकच सांधा सुजला असेल तर क्षयाची औषधे महिनोन्‌महिने दिली जातात. दोन्ही आजार आपल्या देशात खरोखरच आहेत, त्यामुळे डॉक्टरला सरसकट दोष देता येत नाही. परंतु तोवर गुडघा वाकडा होतो, एक पाय दुसऱ्यापेक्षा लांब वाढतो, जबड्याची वाढ खुंटते. हा आजार वाढत्या हाडांवर घाला घालतो, म्हणून प्रौढांच्या संधिवाताची लहान आवृत्ती असे त्याकडे पाहता येत नाही. औषधाचेही तसेच. प्रौढाची मात्रा वजनाने भागून मुलाची मात्रा मिळत नाही.

आता या आजारावरील संशोधनाचा इतिहास पाहू. तो मी थोडा विस्ताराने सांगणार आहे, कारण त्यातच प्रशासनाचा धडा आहे.

मेथोट्रेक्सेट हे जुने औषध. कर्करोगासाठी निघाले, पुढे प्रौढांच्या संधिवातात अल्प मात्रेत वापरले जाऊ लागले. आठवड्यातून एकदा घ्यावयाच्या या गोळ्या अत्यंत स्वस्त आहेत. मुलांना त्या लागू पडतात का, हे ठरवले ते १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीने. १२७ मुलांचे तीन गट केले गेले. एका गटाला शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरमागे आठवड्याला १० मिलिग्रॅम, दुसऱ्याला ५ मिलिग्रॅम, तिसऱ्याला औषध नसलेली गोळी. सहा महिन्यांनी पहिल्या गटातील ६३ टक्के मुले सुधारलेली आढळली. दुसऱ्यातील ३२ टक्के आणि तिसऱ्यातील ३६ टक्के. म्हणजे कमी मात्रा ही गोळी न देण्यासारखीच ठरली. ही चाचणी न करता केवळ ‘लहान मूल आहे, बेताने द्यावे’ अशा सद्भावनेने पाच मिलिग्रॅमवर थांबणाऱ्या डॉक्टरांनी किती मुलांचे सांधे गमावले असते, याचा विचार करावा. ही चाचणी अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांनी मिळून केली होती. एकमेकांवर अण्वस्त्रे रोखून बसलेल्या दोन राष्ट्रांना एका स्वस्त गोळीसाठी एकत्र बसता आले. निष्कर्ष छापून आले तोवर त्यांतले एक राष्ट्र शिल्लक राहिले नव्हते, ही गोष्ट वेगळी.

पुढे २००० मध्ये इटॅनरसेप्ट या पहिल्या जैविक औषधाची चाचणी प्रसिद्ध झाली. तिची रचना मुलांच्या दृष्टीने विचारपूर्वक केलेली होती. ६९ मुलांपैकी सर्वांना आधी खरे औषध मिळाले. ज्या ५१ जणांना गुण आला, त्यांच्यातच पुढे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट पाडले आणि एका गटाचे औषध काढून घेतले. त्या गटातील ८१ टक्के मुलांचा आजार उलटला. औषध चालू असलेल्या गटात २८ टक्के. आजार उलटताच मुलाला पुन्हा औषध मिळण्याची सोय होती. ‘मुलांना निष्क्रिय गोळी देऊन वाऱ्यावर सोडतात’ असा जो समज आपल्याकडे आहे, तो बाळगणाऱ्यांनी ही रचना समजून घ्यावी. २०१२ मध्ये तापाच्या प्रकारासाठी टोसिलिझुमॅबची चाचणी आली. ११२ मुले; बाराव्या आठवड्यात औषध मिळालेल्यांपैकी ८५ टक्के तापमुक्त होऊन सुधारली, न मिळालेल्यांपैकी २४ टक्के. ज्या आजारात मुले वर्षानुवर्षे स्टेरॉइडवर राहून खुजी होत असत, त्याचे चित्र त्या एका वर्षात पालटले.

ही औषधे मुलांमध्ये तपासली गेली ती कंपन्यांना उपरती झाली म्हणून नव्हे. १९६० च्या दशकात हॅरी शर्की या अमेरिकी बालरोगतज्ज्ञाने मुलांना ‘औषधोपचारातील अनाथ’ म्हटले होते, कारण बाजारातील बहुतेक औषधांवर ‘मुलांसाठी तपासलेले नाही’ असेच लिहिलेले असे. त्यावर उपाय सापडायला चार दशके लागली. अमेरिकेने २००२ मध्ये मुलांवर अभ्यास करणाऱ्या कंपनीला सहा महिन्यांची जादा मक्तेदारी देणारा कायदा पुढे चालू ठेवला आणि २००३ मध्ये काही औषधांच्या बाबतीत असा अभ्यास सक्तीचा केला. युरोपीय संघाचा तसाच कायदा २००७ पासून अमलात आला. बक्षीस आणि बडगा दोन्ही. त्यानंतर बालसंधिवातासाठी एकामागून एक औषधे तपासली गेली. आपल्या २०१९ च्या नवीन औषधे व वैद्यकीय चाचण्या नियमांत मुलांवरील अभ्यास कसे करावेत याचे मार्गदर्शन आहे. परंतु त्यामागे ना अमेरिकेसारखे बक्षीस आहे, ना युरोपसारखा अडसर. ऑगस्ट २०२४ मध्ये तर केंद्रीय औषध नियंत्रकांनी काही प्रकारच्या औषधांना, ती अमेरिका, ब्रिटन, जपान, ऑस्ट्रेलिया, कॅनडा किंवा युरोपीय संघात मंजूर असल्यास, भारतातील चाचणीतून सूट देऊ केली. औषध लवकर मिळावे यासाठी हे योग्यच. मात्र ज्ञान उसने घेण्याची ही औपचारिक घोषणाही आहे.

कायद्याने कंपन्यांना वाकवता येते, पण एका मर्यादेपर्यंतच. नवे, महाग, पेटंट असलेले औषध कंपनी तपासते. जुने, स्वस्त, कोणीही बनवू शकेल असे औषध कोण तपासणार? आणि औषध थांबवावे केव्हा, हा प्रश्न कोणती कंपनी विचारणार? अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला या ठिकाणी पहिल्या वर्षाच्या पाठ्यपुस्तकातील सार्वजनिक वस्तूची व्याख्या आठवते. ‘आजार शमल्यावर मेथोट्रेक्सेट सहा महिने दिले काय आणि बारा महिने दिले काय, पुन्हा उलटण्याचे प्रमाण सारखेच’ हे ज्ञान जगातील प्रत्येक मुलाच्या उपयोगाचे आहे, आणि ते विकून एक रुपयाही मिळत नाही. हे ज्ञान खरोखर मिळवले गेले. १९९६ मध्ये इटलीच्या पुढाकाराने डॉक्टरांचा एक आंतरराष्ट्रीय गट स्थापन झाला होता. त्याने २९ देशांतील ३६४ मुलांचा अभ्यास करून २०१० मध्ये निष्कर्ष दिला. एका गटात ५६.७ टक्के मुलांचा आजार उलटला, दुसऱ्यात ५५.६ टक्के. याच गटाने बालवयातील डर्मॅटोमायोसायटिस या, स्नायू आणि कातडीला ग्रासणाऱ्या आजारात २२ देशांतून १३९ मुले गोळा केली आणि २०१६ मध्ये दाखवून दिले की एकट्या स्टेरॉइडपेक्षा स्टेरॉइडसोबत मेथोट्रेक्सेट देणे हितावह आहे. इतक्या विरळ आजारात कोणताही एक देश एकट्याने हे करू शकला नसता. डोळ्यांच्या दाहासाठी अडालिमुमॅब मेथोट्रेक्सेटसोबत द्यावे का, हा प्रश्न ब्रिटनने सरकारी संशोधननिधी आणि एका धर्मादाय संस्थेच्या पैशातून सोडवला. ९० मुले, उपचार फसल्याचे प्रमाण औषध मिळालेल्यांत २७ टक्के, न मिळालेल्यांत ६० टक्के, फरक इतका स्पष्ट झाला की चाचणी मुदतीपूर्वी थांबवावी लागली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीचे प्रमुख होते ब्रिस्टलचे डॉ. ए. व्ही. रामनन. बुद्धी आपल्याकडचीच असते. तिच्यामागे उभा राहणारा निधी मात्र तिकडचा.

यावर मला नेहमी मिळणारे उत्तर असे: तिकडे संशोधन झालेच आहे ना? मग आपण ते वापरावे. गरीब देशाने दुसऱ्याच्या खर्चाने शिकावे यात गैर काय?

काहीच गैर नाही, जर प्रश्न तेच असतील तर. ते तसे नाहीत. युरोपात सर्वांत जास्त आढळतो तो एखाद-दुसरा सांधा धरणारा आणि डोळ्यांना धोका असलेला प्रकार. भारतातील मोठ्या रुग्णालयांच्या नोंदींत टाचा, खुबे आणि कणा धरणारा, मुलग्यांमध्ये अधिक आढळणारा प्रकार फार मोठ्या प्रमाणात दिसतो. जागतिक चाचण्यांत या प्रकाराची मुले मोजकीच असतात. त्यासाठी सेक्युकिनुमॅब या महाग औषधाला अमेरिकेत डिसेंबर २०२१ मध्ये मंजुरी मिळाली. पण आपल्याकडचा डॉक्टर या मुलाला प्रत्यक्षात काय लिहून देतो? सल्फासलझिन. ते स्वस्त आहे, सर्वत्र मिळते, आणि त्याचा या प्रकारातील उपयोग पडताळणारी जी नियंत्रित चाचणी २००२ मध्ये प्रसिद्ध झाली ती मेक्सिकोतील अवघ्या ३३ मुलांची होती. ज्या देशात या प्रकाराची मुले बहुधा जगात सर्वांत जास्त असतील, तो देश आपल्या मुलांना दोन दशकांहून अधिक काळ मेक्सिकोतील ३३ मुलांच्या भरवशावर औषध देत आहे.

दुसरा प्रश्न क्षयाचा. अडालिमुमॅब, इटॅनरसेप्ट ही औषधे शरीरातील ज्या रेणूला अडवतात, तोच रेणू सुप्त क्षयजंतूंना कोंडून ठेवण्याचे काम करतो. औषध दिले की क्षय जागा होण्याचा धोका वाढतो. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा भारतात आहे. तेव्हा येथील मुलाला हे औषध देण्यापूर्वी कोणती तपासणी करावी, ती निर्दोष आली तरी पुन्हा केव्हा करावी, घरात खोकणारे आजोबा असतील तर काय करावे, या प्रश्नांची उत्तरे सिनसिनाटी किंवा जेनोआ येथे मिळणार नाहीत. त्यांनी ती का शोधावीत? त्यांच्या मुलांचा तो प्रश्नच नाही. आणि गंमत (हा शब्द जड मनाने वापरतो) अशी की अडालिमुमॅबची जगातील पहिली स्वस्त प्रतिकृती भारतातच, झायडस कॅडिला या कंपनीने, डिसेंबर २०१४ मध्ये बाजारात आणली. औषध बनवण्यात आपण जगात पहिले आलो. आपल्या मुलांना ते कसे द्यावे हे शोधण्याच्या रांगेत आपण उभेच राहिलो नाही.

तिसरे उदाहरण मला सर्वांत अस्वस्थ करते. तापाच्या प्रकारात टोसिलिझुमॅब परवडत नाही, म्हणून आपल्याकडे काही मुलांना थॅलिडोमाइड दिले जाते. होय, तेच थॅलिडोमाइड, ज्याच्यामुळे १९६० च्या सुमारास हजारो अर्भके हातपाय न वाढलेली जन्मली आणि ज्याच्या धक्क्याने जगातील औषधचाचण्यांचे कायदे कडक झाले. डॉक्टर ते अविचाराने देत नाहीत. त्याने काही मुले खरोखर सुधारतात, असे लहान अभ्यास आहेत. परंतु त्याने हातापायांच्या नसांना इजा होऊ शकते. ती किती मुलांना, किती मात्रेने, किती महिन्यांनी होते हे भारतीय मुलांबाबत सांगणारी राष्ट्रीय नोंदवही अस्तित्वात नाही. आता या प्रसंगाकडे नियमांच्या नजरेने पाहा. डॉक्टरने उद्या सकाळी आपल्या समोरच्या मुलाला थॅलिडोमाइड लिहून दिले तर त्याला कोणाचीही परवानगी लागत नाही; नीतिसमिती नाही, विमा नाही, मुलाची संमती नाही, वर्षाअखेरचा अहवाल नाही. त्याच डॉक्टरने असे म्हटले की, ‘या औषधाने गुण येतो की नाही हे मला खात्रीने माहीत नाही, म्हणून निम्म्या मुलांना हे आणि निम्म्यांना ते देतो आणि प्रामाणिकपणे मोजतो,’ तर त्याक्षणी तो संशयित होतो. अज्ञान लपवून औषध देणाऱ्याला मोकळीक आणि अज्ञान कबूल करून शोध घेऊ पाहणाऱ्याला चौकशी, असा हा न्याय आहे.

ही भीती आकाशातून पडलेली नाही, हेही सांगितले पाहिजे. २००९-१० मध्ये आंध्र प्रदेश आणि गुजरातमध्ये किशोरवयीन मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची लस देण्याचा जो प्रकल्प झाला, त्यात आश्रमशाळांतील मुलींची संमतीपत्रे वसतिगृहाच्या अधीक्षकांनी भरली होती. संसदीय समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले आणि ते योग्यच होते. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चाचण्यांवर कडक देखरेखीचे आदेश दिले, नुकसानभरपाईचे नियम आले, आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने भारतातील आपल्या अनेक चाचण्या स्थगित केल्या. संमती, भरपाई, नोंदणी यांची शिस्त हवीच होती. पण शिस्त लावणे आणि दार लावून घेणे यांतला फरक आपल्या यंत्रणेला उमगला नाही. फाइलवर ‘नाही’ लिहिणाऱ्या अधिकाऱ्याची कधी चौकशी होत नाही. झालेल्या चाचणीत एक मूल दगावले तर मथळे होतात. न झालेल्या चाचणीमुळे अपंग झालेल्या मुलांचा मथळा होत नाही, कारण ती मुले कोणत्याही तक्त्यात नसतात. २०१९ च्या नियमांनी मंजूर औषधांच्या शैक्षणिक चाचण्यांना केंद्रीय परवानगीतून बऱ्याच अंशी मोकळे केले आहे, नीतिसमितीची मान्यता पुरेशी ठरते. म्हणजे आता कायद्याची सबबही उरलेली नाही. उरली आहे पैशाची, आणि पैशाच्या मागे संख्येची.

संख्येची कथा ऐकण्यासारखी आहे. कोणत्याही योजनेच्या प्रस्तावावर वित्त विभागाचा पहिला प्रश्न असतो, ‘लाभार्थी किती?’ अशाच एका बैठकीत (विभागाचे नाव सांगण्याचे कारण नाही) मुलांच्या दीर्घकालीन आजारांची यादी चर्चेला आली असता या आजारासमोरचा रकाना रिकामा होता. ‘संख्या नाही, सबब तरतूद प्रस्तावित नाही,’ असा शेरा झाला. संख्या का नाही? मोजणीसाठी तरतूद नाही म्हणून. हे वर्तुळ आम्हा सरकारी लोकांना इतके परिचयाचे आहे की त्यात कोणाला काही विचित्र वाटले नाही.

जी संख्या आहे ती पाहा. लखनौ येथील शाळकरी मुलांच्या एका पाहणीतून लाखामागे ४८ असे प्रमाण निघाले आणि तेच सर्वत्र उद्धृत केले जाते. तपासलेली मुले सुमारे दोन हजार होती. दोन हजारांत लाखामागे ४८ म्हणजे प्रत्यक्ष किती मुले, हे गणित वाचकांनीच करावे. उत्तर ‘एक’ येईल. ज्यांनी ही पाहणी केली त्यांचे आभारच मानले पाहिजेत, कारण दुसऱ्या कोणी तेवढेही केले नव्हते. हे प्रमाण धरले तर २०११ च्या जनगणनेतील चौदा वर्षांपर्यंतच्या सुमारे ३७ कोटी मुलांमध्ये पावणेदोन लाखांच्या आसपास रुग्ण निघतात. एका मुलाच्या आधारावर पावणेदोन लाखांचा अंदाज! प्रौढांच्या बाबतीत पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ पासून संधिवाताची जी गावपाहणी झाली तिचे नाव जगभर घेतले जाते. एका गावात नेटाने घरोघर फिरून किती कळू शकते हे तिने दाखवले. मुलांसाठी तसे काम देशव्यापी पातळीवर कोणी हाती घेतले नाही.

सरकारच्या योजनांत तरी हे मूल कोठे सापडते का? फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. शाळा-अंगणवाड्यांतून पथके जाऊन ठराविक व्याधींसाठी मुलांची तपासणी करतात. त्या यादीत दातांची कीड आहे, ऱ्हुमॅटिक हृदयरोग आहे. सुजलेला सांधा नाही. आयुष्मान भारतची प्रधानमंत्री जन आरोग्य योजना २०१८ पासून कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण देते, पण रुग्णालयात दाखल झाल्यावर. हा आजार मुख्यतः बाह्यरुग्ण विभागात, दर महिन्याच्या गोळ्यांवर आणि दर पंधरवड्याच्या इंजेक्शनवर सांभाळावयाचा असतो. म्हणजे वेळीच औषध घेऊन मूल चालते राहिले तर योजना त्याला ओळखत नाही. औषधाअभावी खुबा निकामी होऊन शस्त्रक्रियेला आले की ओळखते. माझ्यासारख्या केंद्रीय कर्मचाऱ्याच्या मुलाला सरकारी आरोग्य योजनेतून बाह्यरुग्ण औषधे मिळतात. माझ्या घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईंच्या मुलाला ती मिळत नाहीत. २०२१ चे दुर्मिळ आजारांचे राष्ट्रीय धोरण पाहावे तर तेथेही हा आजार नाही, कारण तो दुर्मिळ नाही. दुर्मिळ म्हणावा तर फार, सामान्य म्हणावा तर थोडा, अशा मधल्या पायरीवर ही मुले उभी आहेत. आणि बाह्यरुग्णांचे दावेच नसल्यामुळे योजनेच्या संगणकातही त्यांची संख्या जमा होत नाही. वर सांगितलेले वर्तुळ येथे पुन्हा पूर्ण होते.

‘देशात कुपोषण आणि अतिसार असताना या चोचल्यांना पैसा कोठला,’ असेही विचारले जाते. हा युक्तिवाद मी गंभीरपणे घेतो, कारण मर्यादित साधनांची वाटणी हाच माझा विषय आहे. पण येथे नव्या औषधाचा शोध लावण्याचा खर्च मागितलेला नाही. ही मुले आजही चंडीगडच्या पदव्युत्तर संस्थेत, लखनौच्या संजय गांधी संस्थेत, दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत, वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात तपासली जातात. डॉक्टरांचा पगार सरकार किंवा संस्था देतेच आहे, औषधे पालक घेतच आहेत. वाढीव खर्च आहे तो नोंद ठेवणाऱ्या माणसांचा, आकडेशास्त्रज्ञाचा, मुलाच्या विम्याचा आणि दूरवरून येणाऱ्या आई-वडिलांच्या रेल्वेभाड्याचा.

आणि आपल्याला हे जमत नाही, असे तर कोणी म्हणूच नये. १९५६ मध्ये भारतीय वैद्यक संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यक संशोधन परिषद यांनी मिळून मद्रासला एक केंद्र काढले आणि १९५९ मध्ये जगाला दाखवले की क्षयरोग्याला आरोग्यधामात न ठेवता घरी औषध दिले तरी तितकाच गुण येतो. जगभरातील आरोग्यधामांचे महत्त्व ओसरण्यात त्या निष्कर्षाचा मोठा वाटा आहे. मुलांचेच उदाहरण हवे असेल तर २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेली सौम्य क्षयाची चाचणी पाहा. १२०४ मुले, सहा महिन्यांऐवजी चार महिने औषध पुरते हे सिद्ध झाले. आफ्रिकेतील तीन देशांबरोबर चेन्नई आणि आपले पुण्याचे बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय त्यात होते. औषधे जुनी, मुले गरीब घरांतली, रुग्णालये सरकारी. निधी मात्र मुख्यतः ब्रिटनचा. मुलांच्या रक्ताच्या कर्करोगासाठी कोलकाता, मुंबई, दिल्ली, चेन्नई येथील केंद्रांनी एकत्र येऊन समान उपचारपद्धतीची चाचणी गेल्या दशकात उभी केली आहे. संधिवाताच्या मुलांना हे मिळू नये असे कोठे लिहिले आहे?

माझी मागणी त्यामुळे मोठी नाही. वैद्यक संशोधन परिषदेने दहा-बारा केंद्रांची एक नोंदवही सुरू करावी. प्रत्येक नव्या मुलाचा प्रकार, सुरुवातीपासून निदानापर्यंत गेलेले महिने, दिलेली औषधे, क्षयाची तपासणी आणि डोळ्यांची तपासणी एवढेच त्यात असावे. तिच्या आधारे तीन चाचण्या सार्वजनिक पैशाने व्हाव्यात: कणा-टाचांच्या प्रकारात सल्फासलझिन कितपत उपयोगी, स्वस्त अडालिमुमॅब गुण आल्यावर कमी अंतराने द्यावे की अंतर वाढवत न्यावे, आणि तापाच्या प्रकारात थॅलिडोमाइडपेक्षा सुरक्षित असा परवडणारा पर्याय कोणता. टोफासिटिनिबच्या देशी गोळ्या आता स्वस्तात मिळतात, तेव्हा या शेवटच्या प्रश्नाला विशेष निकड आली आहे. डॉक्टर त्या देऊ लागलेच आहेत. बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणीपत्रात एक ओळ वाढवावी, ‘सहा आठवड्यांहून अधिक काळ सुजलेला सांधा’. त्यासाठी यंत्र लागत नाही. आणि जन आरोग्य योजनेत या आजाराचे इंजेक्शन दिवसभराच्या उपचारांत धरावे. डायलिसिस धरलेच आहे.

आपणापैकी बरेच जण महाराष्ट्राबाहेर राहतात. इंदूर, रायपूर, बडोदे, हैदराबाद, दिल्ली येथील मराठी मंडळांत डॉक्टर, सनदी लेखापाल, निवृत्त अधिकारी असतात. अनेक संस्थांच्या नीतिसमित्यांवर ‘सामान्य नागरिक’ म्हणून एक जागा असते आणि ती भरायला माणसे मिळत नाहीत. मुलांवरील चाचणीचा प्रस्ताव तेथे येईल तेव्हा ‘यात धोका काय’ हे अवश्य विचारा. त्याच कागदावर दुसरा रकाना मागा: ही चाचणी झाली नाही तर या मुलांना उद्यापासून काय दिले जाईल, आणि त्याची नोंद कोण ठेवील.